पिस्तूलला लाइट लावून मॅच खेळायची की मोकळ्या पिस्तूलवर?

अमेरिकेत यूएसपीएसए या पिस्तूल नेमबाजी संघटनेच्या कॅरी ऑप्टिक्स गटात (यात पिस्तूलवर लाल ठिपका दाखवणारी छोटी काच, म्हणजे डॉट साइट असते) भर दुपारी पिस्तूलखाली लाइट लावलेले लोक दिसतात, उजेडासाठी नाही हो, वजनासाठी! स्ट्रीमलाइट कंपनीचा टीएलआर-१ हा लाइट बॅटरीसकट साधारण ११८ ग्रॅम, आणि ते वजन नळीच्या तोंडाजवळ बसतं, म्हणून पॉलिमरचं हलकं पिस्तूल गोळी सुटल्यावर कमी उसळतं आणि डॉट, म्हणजे तो लाल ठिपका, काचेतून पळून जात नाही, दुसरी गोळी पटकन जाते. या गटात पिस्तूलच्या वजनाची मर्यादा ५९ औंस, म्हणजे जवळपास पावणेदोन किलो, त्यामुळे तिथे काही अडत नाही.

मोकळं पिस्तूल मात्र टार्गेटवरून टार्गेटवर झपकन फिरतं आणि ड्रॉ, म्हणजे कमरेच्या होल्स्टरमधून (पिस्तूल ठेवायच्या म्यानातून) ते बाहेर काढणं, सुटसुटीत होतो. लाइटवाल्याला होल्स्टर वेगळा लागतो, तोंड रुंद असतं त्याचं, आणि तो खरंच महाग पडतो. लाइटची काच पण गोळीच्या काजळीने काळी होते, मॅचआधी थोडं व्हॅसलिन चोळलं की नंतर फडक्याने पुसून निघते.

माझं मत, पिस्तूल हलकं असेल तर लाइट लावाच, स्टीलचं जड असेल तर उगाच खर्च नको. आणि आयडीपीए या दुसऱ्या पिस्तूल नेमबाजी संघटनेचे नियम वेगळे आहेत, तिथे जायच्या आधी चालू रूलबुक नक्की वाचा.