आठ महिने लिनक्स मिंट आणि वायरलेस माऊस : माऊस अडकायचा, चूक निघाली माझीच

दसऱ्याला कारखान्यातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट 21 (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकलं, सिनॅमन डेस्कटॉपवालं, आणि त्याच दिवशी नव्या पेठेतून एक स्वस्तातला वायरलेस माऊस आणला. आता आठ महिने झालेत म्हणून लिहितोय. आमचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, माझं काम बिलं, स्टॉकचं रजिस्टर आणि अधनंमधनं बॉर्डरची डिझाइनं. मिंटबद्दल तक्रार नाही, जुन्या मशीनवर पळतंय. माऊसचंच सांगायचंय.

गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, सुमारास सुरू झालं. सकाळी मशीन चालू केलं, दोन बिलं मारली, जरा फोनवर बोललो आणि परत हात ठेवला तर बाण जागचा हलेना. क्लिक केलं की कधी जागा व्हायचा, कधी तेही नाही. मग रिसीव्हर, म्हणजे माऊसचा यूएसबीत लावायचा छोटा तुकडा, उपसून परत खोचायचा, की दिवसभर एकदम ओके. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच रडगाणं.

आमच्याकडं पहिला संशय रुईवर. लूमच्या शेडमधनं सूत उडतं ते सगळीकडं बसतं, माऊसच्या खालच्या भिंगात एक तंतू जरी अडकला तरी बाण थरथरतो. पण थरथरणं वेगळं आणि मेल्यासारखं पडणं वेगळं हे मला उशिरा कळलं, तोवर इअरबड घेऊन आठवडाभर साफसफाई केली, सेल बदलला, पोर्ट बदलला. दुकानात नेला तर तिथं मस्त चालला, दुकानदार म्हणाला "काय बे, चांगल्या मालाला नावं ठेवतो". लाज गेली.

माऊस गेला तरी कीबोर्ड चालू असतो हे आधी डोक्यात घ्या. घाबरून पॉवर बटण दाबून ठेवायची गरज नाही. कंट्रोल-ऑल्ट-टी नं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडतं, ऑल्ट-टॅबनं खिडक्या बदलतात, कंट्रोल-ऑल्ट-एस्केपनं सिनॅमन नव्यानं सुरू होतं आणि उघडी कामं तशीच राहतात. तेही अडलं तर कंट्रोल-ऑल्ट-एफ2 नं काळी स्क्रीन येते, तिथनं लॉगिन करून बघता येतं, परत यायला माझ्याकडं एफ7. सिनॅमन नव्यानं सुरू करूनही बाण हलला नाही, म्हणजे डेस्कटॉपचा दोष नाही, खाली कुठंतरी आहे.

मग टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (लावलेल्या यूएसबी वस्तूंची यादी) मारलं, रिसीव्हर यादीत होता. एक्सइनपुट लिस्टमध्ये, म्हणजे माऊस-कीबोर्डच्या यादीत, माऊस होता. डीमेसेजमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, डिस्कनेक्ट झाल्याची एक ओळ नाही. म्हणजे गडी घरातच आहे पण झोपलाय.

आणि तेव्हा आठवलं की जानेवारीत लाइट सारखी जायची म्हणून बॅटरी वाचवायला मी पॉवरटॉप या वीज वाचवायच्या प्रोग्रॅमचं ऑटो-ट्यून मशीन चालू होताना आपोआप चालेल असं लावून ठेवलं होतं. ते यूएसबीच्या सगळ्या वस्तूंना झोपायची परवानगी देतं, माऊसच्या रिसीव्हरलासुद्धा, आणि कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) वेळ ठरलेली आहे, 2 सेकंद काही हललं नाही की झोप. काही माऊस हलवल्यावर उठतात, काही क्लिक केल्यावर, माझा मूडवर. रिसीव्हर काढून लावला की ती सेटिंग मूळ जागी यायची कारण ऑटो-ट्यून फक्त सुरुवातीला एकदाच चालायचं, म्हणून दिवसभर ठीक आणि सकाळी परत बोंब! सिस फोल्डरमध्ये (तिथं कर्नलच्या सेटिंग दिसतात) त्या यूएसबीची पॉवर-कंट्रोल फाइल बघितली तर खरंच "ऑटो" होतं, तिथं "ऑन" लिहिलं आणि बाण लगेच जागा. मग ती ऑटो-ट्यूनची सर्व्हिसच बंद करून टाकली. बॅटरी वाचवायचीच असेल तर टीएलपी हा दुसरा प्रोग्रॅम बरा, ते माऊस-कीबोर्डला मुळात हात लावत नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. मार्चएंडला बॅकअपसाठी बाहेरची हार्डडिस्क लावली आणि बाण अडखळत चालायला लागला, थांबतोय, उडी मारतोय. परत डीमेसेज स्वच्छ. हे दुखणं निराळंच निघालं, यूएसबी 3.0 च्या वायरी-पोर्टमधनं जो रेडिओचा गोंगाट निघतो तो 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि वायरलेस माऊस नेमका तिथंच बोलतो. इंटेलनं 2012 मध्येच यावर कागद काढलाय. माझा रिसीव्हर डिस्कच्या पिनेला खेटून होता. एक मीटरची एक्स्टेन्शन वायर घेतली, रिसीव्हर टेबलावर माऊसच्या शेजारी आणून ठेवला, काम झालं.

तर माऊस घ्यावा का? घ्या, सेल बरा टिकतो. पण लूमच्या शेडमध्ये बसणार असाल तर वायरवालाच घ्या, स्वस्त पडतो आणि झोपला की निदान खालचा दिवा विझलेला दिसतो. मी ड्रॉवरमध्ये एक ठेवलाय. दुकानदाराकडं अजून गेलो नाही.