टो पिक, हनुवटीचे टाके आणि ‘द कटिंग एज’

माझ्या हनुवटीखाली तीन टाक्यांची खूण आहे. नऊ वर्षांची असताना मी दादाचे इनलाइन स्केट्स (एका ओळीत चाकं असलेले) त्याला न विचारता घातले, वेग घेतला आणि थांबायची वेळ आली तेव्हा सवयीने बोटांवर जोर दिला. माझ्या क्वाड, म्हणजे दोन-दोनच्या जोडीत चार चाकांच्या, स्केट्सना पुढे रबरी ब्रेक होता. त्याच्या स्केट्सना नव्हता. रिंकचा कठडा थेट हनुवटीला लागला. दादा रोलर हॉकी खेळायचा, मी आर्टिस्टिक, म्हणजे उड्या-गिरक्यांचं स्केटिंग करायचे, आणि पुण्यातल्या त्या एकाच सिमेंटच्या रिंकवर सकाळी सहाची वेळ कुणाची यावरून दोन्ही गटांची रोज भांडणं व्हायची. त्यामुळे १९९२ सालचा ‘द कटिंग एज’ हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मला परका वाटलाच नाही. परवा पुन्हा पाहिला, म्हणून हे लिहितेय.

इथली हॉकी म्हणजे आपली मैदानावरची नव्हे, बर्फावरची. १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळताना डग डॉर्सीच्या डोक्याला मार बसतो, कडेचं दिसणं अधू होतं आणि त्याची हॉकी तिथेच संपते. त्याच ऑलिंपिकमध्ये केट मोझली जोडी स्केटिंगमध्ये जोडीदाराच्या हातून पडते. दोन वर्षांनी तो मिनेसोटात मजुरी करतोय, आणि ती श्रीमंत बापाच्या घरच्या रिंकवर एकेका जोडीदाराला पळवून लावतेय. तिचा रशियन प्रशिक्षक पामचेन्को दुसरं कुणीच उरलं नाही म्हणून या हॉकीवाल्याला घेऊन येतो. पुढचं ऑलिंपिक १९९२ चं, फ्रान्समधल्या आल्बेरव्हिलचं. गोष्ट कुठे जाणार हे पंधरा मिनिटांत कळतं, आणि त्याने काहीही बिघडत नाही.

पहिल्या सरावाचा प्रसंग मी कितीही वेळा पाहू शकते. फिगर स्केटच्या, म्हणजे बर्फावर उड्या-गिरक्या घेण्याच्या स्केटच्या, पात्याला पुढे करवतीसारखे दाते असतात, त्याला टो पिक म्हणतात. टो लूप, फ्लिप, लुट्झ या उड्या घेताना ते दाते बर्फात रोवून उसळी घ्यायची असते. हॉकीच्या स्केटचं पातं पुढून गोल आणि गुळगुळीत. हॉकीवाला जोरात सुटतो तो पुढे झुकून, चवड्यांवर भार टाकून. डग तसाच सुटतो, दाते बर्फात रुततात आणि तो तोंडावर आपटतो. उठतो, परत आपटतो. केट त्याला समजावत नाही की हात देत नाही, फक्त त्या भागाचं नाव उच्चारते. हे पाहताना माझा हात आपोआप हनुवटीकडे गेला. वर्षानुवर्षं पायात मुरलेली सवय एका दिवसात शत्रू होते तेव्हा माणसाला जो राग येतो, तो डग झालेल्या डी. बी. स्वीनीने अगदी खरा दाखवलाय. तो राग केटवर नसतोच, स्वतःच्या पायांवर असतो.

मोइरा केलीची केट सुरुवातीला असह्य आहे. बोलणं तोडून टाकणारं, आवाज कायम चढलेला. पण ती एकदा पडलेली आहे हे लक्षात ठेवून पाहा. जोडी स्केटिंगमध्ये मुलगी डोक्याच्या वर उचलली जाते, खाली बर्फ असतो आणि अंगावर साधं हेल्मेटही नसतं. ज्याने उचललंय त्याच्या मनगटावर सगळा भरवसा. म्हणून ती प्रत्येक जोडीदार स्वतःच आधी झिडकारते. हे सिनेमा कुठेही शब्दांत सांगत नाही, सरावातल्या धरण्यासोडण्यातून दाखवतो. उचलताना तिचं अंग आधी लाकडासारखं ताठ असतं आणि पुढे पुढे सैल होत जातं. माझ्यासाठी प्रेमकथा तिथे घडते, नंतरच्या भांडणांत आणि रुसव्यांत नाही. १९८० चे ऑलिंपिक विजेते रॉबिन कझिन्स यांनी स्केटिंग बसवलंय. खरी अवघड कामं डमी स्केटर करतात हे कळतं, पण हातांच्या पकडी, खांद्यांची ठेवण आणि पात्याच्या कडेवर तोललेला पाय अस्सल आहेत.

डगचा दुसरा प्रश्न घरचा. फिगर स्केटिंग म्हणजे बायकी काम, ही त्याची स्वतःचीच समजूत असते, त्यामुळे तो भावापासून सगळं लपवतो. आमच्या रिंकवर आर्टिस्टिक करणाऱ्या मुलांना हॉकीवाले काय काय म्हणायचे ते मी ऐकलंय. एकाने त्यापायी स्केटिंग सोडलं. त्याचा तोल आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला होता, आणि ते मला आजही लागतं.

आता जे पटलं नाही ते. दोन वर्षांत हॉकीवाला ऑलिंपिकच्या जोडी स्केटिंगपर्यंत पोचणं अशक्य आहे. ते मी सोडून देते, पण शेवटची ‘पामचेन्को ट्विस्ट’ नावाची कसरत सोडवत नाही. मुलीला पायांना धरून तिचं डोकं बर्फालगत फिरवण्याचा प्रकार आइस शोमध्ये होतो, स्पर्धेत त्याला बंदी आहे. इतका वेळ पातं, दाते, कडा यांच्याबद्दल इमानदार राहिलेल्या सिनेमाने ऐन मोक्याला नियम बाजूला ठेवावा, याचं मला वाईट वाटलं. एक स्वच्छ थ्रो, म्हणजे जोडीदाराने मुलीला हवेत फेकणं, आणि एका पायावर टिकवलेली लँडिंग पुरली असती. केटचा होणारा नवरा हेल तर निव्वळ बाजूला करण्यासाठीच लिहिलेला आहे. आणि डगच्या नजरेचं पुढे काय? शेजारी तितक्याच वेगाने फिरणारी जोडीदार कडेच्या नजरेनेच सांभाळावी लागते. तिथे फार मोठं नाट्य होतं, ते वाया गेलं.

तरी पाचपैकी चार. ज्यांच्या घरात कुणी चाकांवर किंवा बर्फावर घसरतं त्यांनी नक्की पाहावा. लहान मुलांबरोबर पाहणार असाल तर दारू पिण्याचा आणि त्यानंतर खोलीवरचा एक प्रसंग आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

परवा दादा आणि भाची सोबत होते. भाची आता माझ्यासारखीच क्वाडवर शिकतेय. डग पडल्यावर तिने तो तुकडा तीनदा मागे नेला, आणि तिसऱ्या वेळी पडद्याजवळ जाऊन त्याचा घोटा कुठे वाकतो ते बोटाने दाखवलं. शेवटी दोघं बर्फावर एकमेकांना मिठी मारतात आणि गुण न दाखवताच सिनेमा संपतो. श्रेयनामावली सुरू झाली तरी दादा पडद्याकडे पाहत बसला होता.

“अगं, पण गुण किती पडले?”

भाची म्हणाली, “बाबा, ती पडली नाही ना.”