ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही, म्हणाले होते

2018 च्या पाडव्याला आम्ही वाघोलीच्या पुढे एका नव्या प्रकल्पात फ्लॅट बुक केला. राहायला नाही, गुंतवणूक म्हणून. आम्ही दोघं सांगलीत नोकरीला. सासऱ्यांनी ठेवलेली एफडी होती आणि 'पुण्यात काहीतरी घेऊन ठेवा' असं म्हणणारे नातेवाईकही होते.

किंमत 42 लाख. 8 लाख 40 हजार आमचे, 33 लाख 60 हजारांचं कर्ज. शिवाय तेव्हाचा 12 टक्के जीएसटी आणि मुद्रांक शुल्क, ज्याचा हिशेब आम्ही आधी केलाच नव्हता. मी घाबरले तेव्हा बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा हसून म्हणाला, "ताई, ताबा मिळेपर्यंत तुम्हाला हप्ताच नाही. व्याज आम्ही भरणार." करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तो नियम त्यांनी काटेकोर पाळला, महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांकही स्वतःहून दाखवला. आमचा विश्वास बसला तो त्यामुळेच.

जूनमध्ये कर्ज मंजूर झालं. साइटवर तेव्हा जोत्याचंही काम झालं नव्हतं, तरी गृहवित्त कंपनीने, म्हणजे बँक नसलेल्या पण घरकर्ज देणाऱ्या कंपनीने, सगळी रक्कम एकदम बिल्डरच्या खात्यात टाकली. बांधकाम जसं पुढे जाईल तसेच पैसे सोडा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना 2013 मध्येच बजावलं होतं. गृहवित्त कंपन्यांवर तेव्हा देखरेख करणाऱ्या नॅशनल हाउसिंग बँकेनेही त्याच वर्षी त्यांना तसंच सांगितलं होतं. हे तेव्हा कुणाला माहीत! उलट 'इथे कागद पटकन होतात' म्हणून आम्ही खूश होतो.

व्याज महिन्याला 24,500 रुपये. नुसतं व्याज हं, मुद्दल त्यातून एका रुपयानेही कमी होत नाही. सोळा महिने ते बिल्डरने भरलं. 2019 च्या जुलैमध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून लांब राहायला सांगितल्याची बातमी मी वाचली आणि आपलं आधीच झालंय म्हणून निश्चिंत पेपर मिटला. ऑक्टोबरमध्ये फोन आला, "मॅडम, तुमचा हप्ता थकलाय."

माझा? मी बिल्डरच्या ऑफिसला फोन लावला. पुढच्या आठवड्यात भरतो म्हणाले. मग दिवाळीनंतर. मग उचलेनात.

आमचा, बिल्डरचा आणि गृहवित्त कंपनीचा मिळून झालेला त्रिपक्षीय करार त्या रात्री पहिल्यांदा पूर्ण वाचला. बिल्डरने व्याज भरलं नाही तर ते कर्जदाराने भरायचं, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं, खाली आमच्या दोघांच्या सह्या. म्हणजे झालं काय, तर बिल्डरला स्वतःच्या नावावर महाग पडलं असतं ते कर्ज त्याने आमच्या पगाराच्या स्लिपा लावून घरकर्जाच्या दरात उचललं. पैसा त्याच्या हातात, देणं आमच्या डोक्यावर.

खरा चटका मात्र नंतर बसला. फ्लॅटधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने सहज लिहिलं की त्याने तेवढाच फ्लॅट 38 लाखांना घेतला, बांधकामाप्रमाणे पैसे भरायच्या बोलीवर. चार लाखांचा फरक! मी कागद घेऊन बसले. 24,500 गुणिले 16, तीन लाख ब्याण्णव हजार. बिल्डरने जे व्याज 'आमच्यासाठी' भरलं, ते किमतीत आधीच धरलं होतं. ते संपलं आणि त्याचा उत्साहही संपला.

भांडायला गेलो तर तारीख आडवी आली. माहितीपत्रकावर ताबा डिसेंबर 2020. महारेराच्या संकेतस्थळावर आणि करारनाम्यात डिसेंबर 2022. ताब्याला उशीर झाला म्हणून पैसे व्याजासकट परत मागण्याचा हक्क करारातली तारीख उलटल्यावर मिळतो. माहितीपत्रक म्हणजे नुसता गुळगुळीत कागद, असं आम्हाला वाटलं.

तीन हप्ते आम्ही हट्टाने भरले नाहीत, बिल्डरच भरेल म्हणून. तो मूर्खपणा माझा. सिबिल स्कोअर घसरला आणि पुढच्या वर्षी मुलीच्या शैक्षणिक कर्जाला सहअर्जदार म्हणून आमचं नाव चाललं नाही. शेवटी माझ्या भावाने सही केली. घरात त्यावर अजूनही कुणी बोलत नाही.

यंदा पुतण्या एक माहितीपत्रक घेऊन आला. बिल्डर वेगळा, जागा हिंजवडीकडची, ओळ तीच. मी त्याच्यापुढे आमच्या कराराचं ते पान ठेवलं आणि एवढंच म्हटलं, "ही योजना नको असेल तर फ्लॅट केवढ्याला, विचार बरं."

त्याने तिथेच फोन लावला. पलीकडचा जरा थांबला, मग म्हणाला, साडेतीन लाख कमी होतील.

"काकू," पुतण्या फोनवर हात ठेवून म्हणाला, "हे तर माझेच पैसे."