आधी ऑर्वेल की ब्रॅडबरी?

आजच्या माध्यमांतली सेन्सॉरशिप समजून घ्यायची आहे आणि वेळ एकाच कादंबरीपुरता आहे. मग जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' घ्यावी की रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१'? दोन्हींची कथा साधारण माहीत असेल असं धरून चालतो.

ब्रॅडबरीची (१९५३) बाजू भक्कम आहे. पुस्तकं जाळणारे फायरमन सगळ्यांना आठवतात, पण मला त्यांच्या कॅप्टनचं बोलणं जास्त महत्त्वाचं वाटतं. तो सांगतो, याची सुरुवात सरकारने केलीच नाही; लोकांनीच वाचन सोडलं आणि कुणी दुखावू नये म्हणून मजकूर सपाट होत गेला. नायकाची बायको कानात इवले रेडिओ घालून झोपते. तीन भिंती टीव्हीच्या झाल्या तरी तिला चौथी हवी असते. तिथे मी हातातला फोन लांब ठेवला होता.

ऑर्वेल (१९४९) त्यामानाने जड. कथेतल्या गोल्डस्टाइन या सत्ताविरोधकाच्या पुस्तकाची पानं पहिल्या वेळी मी अक्षरशः रेटली.

तरीही माझा कौल तिकडे गेला, तो एका त्रासामुळे. एका बातमीची लिंक मी मित्राला पाठवली. दोन दिवसांनी त्याने विचारलं, "तू म्हणतोस ते यात आहे कुठे?" तो परिच्छेदच गायब होता, मथळा मवाळ झाला होता आणि दुरुस्ती केल्याची एक ओळसुद्धा नव्हती. मित्राला वाटलं, मीच चुकीचं वाचलं. दिवसभर मलाही तसंच वाटत राहिलं, आणि तेच सर्वांत जास्त लागलं.

ऑर्वेलचा नायक विन्स्टन स्मिथ पोटासाठी हेच करतो: जुन्या अंकांतला मजकूर बदलायचा, मूळ कागद 'मेमरी होल'मध्ये, म्हणजे भट्टीकडे जाणाऱ्या भोकात टाकायचा. चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर आणल्याचं जाहीर होतं, आणि दुसऱ्याच दिवशी ते २० पर्यंत वाढवलं म्हणून आभाराचे मोर्चे निघतात. जाळलेल्या पुस्तकाची राख तरी दिसते. म्हणून तर ब्रॅडबरीकडे पुस्तकं पाठ करून जपणारी माणसं निघतात. गुपचूप बदललेल्या ओळीसाठी कोण धावणार?

खुद्द 'फॅरनहाइट ४५१'च्या वाट्याला हेच आलं. १९६७ मध्ये प्रकाशकाने शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीत शिव्या आणि काही प्रसंग बदलले, तसं कुठेही न सांगता. १९७३ नंतर काही वर्षं तर पेपरबॅकमध्ये तीच आवृत्ती विकली जात होती. ब्रॅडबरींना ते वाचकांकडून कळलं. त्यांनी हट्ट धरला, तेव्हा कुठे मूळ मजकूर परत आला.

तुमचा त्रास वेगळा असू शकतो. दोन पानंही सलग वाचवत नसतील, तर ब्रॅडबरी आधी घ्या, शनिवार-रविवारात संपेल. पण रोजच्या बातम्यांवर विसंबून मतं बनवत असाल, तर मी ऑर्वेलच हातात देईन. शेवटचं न्यूस्पीकवरचं, म्हणजे सत्तेने घडवलेल्या भाषेवरचं परिशिष्ट मात्र सोडू नका. ते भूतकाळी क्रियापदांत लिहिलेलं आहे, जणू ती राजवट संपून गेली आहे; तेवढं लक्षात ठेवून वाचा.