नागपूरच्या उन्हाळ्यात बिनपंख्याचा फायरवॉल बॉक्स : वापरानंतरचा अनुभव

घरचं सगळं इंटरनेट ज्यातून जातं आणि नको ते जिथे अडवलं जातं, असा छोटा कॉम्प्युटर म्हणजे हा फायरवॉल बॉक्स. दिवाळीनंतर घेतलेल्या या बॉक्सने आता अख्खा उन्हाळा आणि निम्मा पावसाळा काढलाय, म्हणून आता लिहितोय. इंटेल एन१०० प्रोसेसर, २.५ गिगाबिटचे ४ पोर्ट, ८ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी. पंखा नाही. त्यावर ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर चालतं.

पंखा नकोच, हे आधीच ठरलं होतं. एप्रिल लागला की आपल्याकडे कूलर सुरू होतो आणि कूलर म्हटलं की खिडक्या उघड्या. रस्त्यावरची सगळी धूळ घरात येते. पंख्याचं मशीन ती धूळ दिवसरात्र आत ओढत राहतं आणि राउटर काही रात्री बंद करून ठेवायची वस्तू नाही.

निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ नेटवर्क चिपवर घालवला. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभं आहे आणि तिथे रिअलटेकपेक्षा इंटेलच्या चिपचा भरवसा जास्त. इंटेलमध्येही आय२२५-व्हीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये दोष होते, म्हणून आय२२६-व्ही घेतली. जुना जे४१२५ प्रोसेसरवाला बॉक्स स्वस्त पडतो आणि साध्या ३०० एमबीपीएसच्या कनेक्शनला तो पुरून उरतो. पण आमचं कनेक्शन पीपीपीओईचं, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडलं जाणारं आहे. फ्रीबीएसडीवर पीपीपीओईचा बराचसा भार एकाच कोअरवर पडतो, त्यामुळे कोअर किती आहेत यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान आहे ते बघावं लागतं. तिथे एन१०० सरळसरळ पुढे आहे.

आता उष्णतेचं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर पारा ४५ च्या वर आणि दुपारी घरातही ३९-४०. बिनपंख्याच्या मशीनचं ॲल्युमिनियमचं अंग हाच त्याचा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग. ते हाताला चटका देतं आणि बघणारा घाबरतो. खरं तर बाहेरून गरम लागतंय म्हणजे आतली उष्णता बाहेर येतेय. अंग कोमट आणि प्रोसेसर ८५ वर असेल, तर मात्र आत काहीतरी बिनसलंय. माझ्या बॉक्सचं तसंच झालं होतं. तळाचे स्क्रू काढून बघितलं, तर प्रोसेसर आणि तांब्याच्या ठोकळ्यामध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा एक वाळका ठिपका, तोही एका कोपऱ्यात. पुसून नवी पेस्ट लावली, तापमान तिथल्या तिथे आठ-दहा अंशांनी उतरलं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, पॉवर लिमिटही (प्रोसेसरने किती वीज घ्यायची ती मर्यादा) बघून घ्या. इंटेलने एन१०० ला ६ वॅटचं रेटिंग दिलंय, बॉक्स बनवणारे मात्र बऱ्याचदा ते खूप वर नेऊन ठेवतात. मी ते खाली आणलं, वेगात काही फरक जाणवला नाही.

प्रोसेसरची मर्यादा १०५ अंशांची आहे, त्याची मला फारशी काळजी नाही. काळजी एसएसडीची. बहुतेक एनव्हीएमई एसएसडी ७० अंशांपर्यंतच चालवायच्या असतात आणि या बॉक्समध्ये ती प्रोसेसरला खेटून बसते. एसएसडी आणि तळाचा पत्रा यांच्यामध्ये थर्मल पॅड लावला, बॉक्स आलमारीतून काढून भिंतीवर उभा टांगला. त्यानंतरच्या दुपारी बिनघोर गेल्या. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ती हवा ओली असते.

वीज जाण्याचं सांगायलाच हवं. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो पहिल्याच दिवशी लावा. ओपीएनसेन्स टाकताना फाइल सिस्टिम झेडएफएस निवडा, अचानक वीज गेली तर ती यूएफएसपेक्षा चांगली तगते. आमचा इन्व्हर्टर बॅटरीवर जायला क्षणभर घेतो, तेवढ्यात बॉक्स रीस्टार्ट व्हायचा. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आणि ते थांबलं. यूपीएस घेताना ॲम्पिअर बघा, बॉक्सचा ॲडॅप्टर ३ ॲम्पिअरचा असेल तर २ वाला भर कामात दगा देऊ शकतो. बॉक्स सरासरी १० वॅट खातो, म्हणजे महिन्याला सातएक युनिट.

वायफाय यात नाही. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावलाय. दाराचा कॅमेरा आणि टीव्ही वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात आहेत. कॅमेऱ्याला इंटरनेट पूर्ण बंद, त्याचं रेकॉर्डिंग घरातच राहतं. आईच्या फोनवर बातम्या वाचताना मधे येणाऱ्या जाहिराती अनबाउंडच्या (ओपीएनसेन्समधला साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा भाग) ब्लॉकलिस्टने बऱ्याच कमी झाल्या. घरात याचं सगळ्यात जास्त कौतुक तिलाच आहे.

बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायला वायरगार्ड हे व्हीपीएन लावायचं असेल, तर खरेदीआधी आपला वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला आयपी पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल, तर कंपनीने तुम्हाला सामायिक पत्त्यामागे ठेवलंय आणि आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीवरून बाहेरून थेट आत येता येणार नाही. माझं तसंच आहे. आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत मिळत असल्याने माझं काम भागतं, फोनच्या नेटवर्कलाही आयपीव्ही६ आहे. ते नसेल तर कंपनीकडे स्थिर पत्ता मागा, त्याचे पैसे वेगळे लागतात.