जागतिक बँकेचा ‘पॉव्हर्टी अँड इनिक्वालिटी प्लॅटफॉर्म’: आकडा मिळतो, कारण नाही

गरीब कोणाला म्हणायचं, यावर वाद घालण्याआधी ही फुकट वेबसाइट उघडावी. देश निवडा आणि दारिद्र्यरेषा स्वतः टाका. माणशी रोजची रेषा 3 डॉलरवरून 4.20 वर नेली, की अनेक देशांत गरिबांचं प्रमाण केवढी उडी मारतं ते लगेच दिसतं. या दोन रेषांमधल्या पट्ट्यातच तर लोकांची दाटी असते. हे डॉलर 2021 च्या क्रयशक्तीचे, म्हणजे देशोदेशीच्या किमतींतला फरक जुळवून काढलेले; बाजारातल्या विनिमय दराने गुणू नका. जून 2025 आधीची 2.15 ची रेषा 2017 च्या किमतींवर होती. दोन्ही शेजारी ठेवलं की तुलना फसते.

खरी गफलत पुढे आहे. काही देशांची पाहणी उत्पन्न मोजते, काहींची खर्च. उत्पन्न एखाद्या महिन्यात शून्य असू शकतं, खर्च सहसा नसतो; त्यामुळे उत्पन्नावरून काढलेली गरिबी जास्त दिसू शकते. कोणती पद्धत वापरली ते तिथे लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण!

कारणांबाबत साइट गप्प. ‘आळस’ म्हणणारा आणि ‘व्यवस्था’ म्हणणारा, दोघेही इथलाच आकडा फेकू शकतात. शाळा, पोषण, इंधन यांतली वंचितता तपासायची तर 10 निर्देशकांचा जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक वेगळा उघडावा लागतो.