अभ्यासिकेच्या आठ संगणकांपुढे प्रिव्हॉक्सी

आमच्या अभ्यासिकेतल्या आठ संगणकांवरील जाहिराती आणि माग काढणारी संकेतस्थळे रोखण्यासाठी मी डेबियन ही लिनक्स प्रणाली असलेल्या एका जुन्या यंत्रावर प्रिव्हॉक्सी बसवले. 'इंटरनेट जंकबस्टर'मधून वाढलेले हे मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे एक प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसणारा मध्यस्थ. तो नको ते गाळतो. पाने साठवून ठेवणे हे त्याचे काम नाही. तेच हवे असेल, तर स्क्विड घ्यावे.

बसवणे एका आज्ञेचे काम आहे, वेळ जातो तो मांडणीत. प्रिव्हॉक्सी सुरुवातीला ८११८ या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या क्रमांकावर, फक्त स्वतःच्या यंत्राचे ऐकते. इतरांसाठी मांडणीच्या कॉन्फिग फाइलमधल्या 'लिसन-ॲड्रेस'मध्ये नेटवर्कवरचा पत्ता द्यावा लागतो आणि 'परमिट-ॲक्सेस'ने मुभा आपल्या नेटवर्कपुरतीच ठेवावी लागते. कॉन्फिग फाइल बदलली की पुढच्या विनंतीबरोबर ती पुन्हा वाचली जाते, या भरवशावर मी सेवा पुन्हा सुरू केली नाही, आणि नव्या पत्त्यावर काहीच उघडेना तेव्हा अर्धा तास केबली तपासत बसलो. ऐकण्याचा पत्ताच बदलला असेल, तर जागे करणारी विनंती जुन्या पत्त्यावर पाठवावी लागते. पुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलेले आहे. ती न वाचण्याचा दोष माझा.

काय अडवायचे याचे आपले नियम 'यूजर.ॲक्शन' या फाइलमध्येच लिहावेत, कारण नवी आवृत्ती येते तेव्हा 'डीफॉल्ट.ॲक्शन' बदलून जाते. एकाच पत्त्याला अनेक नियम जुळले, तर शेवटच्याचे चालते. मी उत्साहाच्या भरात नावाची सुरुवात 'ए' आणि 'डी' या इंग्रजी अक्षरांनी होणारे सगळे सर्व्हर अडवणारा नियम लिहिला, आणि दुसऱ्याच दिवशी एका मुलीने महाविद्यालयाचे प्रवेशाचे पान उघडत नसल्याची तक्रार केली. त्या पत्त्याची सुरुवात 'ॲडमिशन' अशी होती. इथे प्रिव्हॉक्सीचा सर्वांत मोठा गुण दिसला. त्याच्या अंतर्गत पानावर पत्ता टाकताच कोणत्या फाइलमधला कोणता नियम त्याला लागला, हे ओळीनिशी समोर आले. अडवणे रद्द करणारी 'मायनस ब्लॉक'ची एक ओळ लिहिली आणि पान उघडले. स्वतःच्या निर्णयाची इतकी सरळ कबुली देणारे गाळणयंत्र माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

मर्यादा मात्र मोठी आहे. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, असल्याने प्रिव्हॉक्सीला सर्व्हरचे नाव तेवढे दिसते. पानाच्या मजकुरावर चालणारे त्याचे नावाजलेले फिल्टर रिकामे बसतात. ३.०.२९ या आवृत्तीपासून हा कूटबद्ध मजकूर उलगडण्याची सोय आली आहे, पण त्यासाठी आपले प्रमाणपत्र प्रत्येक ब्राउझरमध्ये बसवावे लागते. घरच्या एकट्याच्या संगणकावर ते चालेल. जिथे मुले बँकेचे व्यवहार करतात आणि परीक्षांचे अर्ज भरतात, तिथे सगळ्यांचे टपाल मधल्या मधे फोडण्याचा अधिकार मला नाही, म्हणून मी ती सोय बंदच ठेवली.

त्यामुळे एचटीटीपीएसचे एखादे संकेतस्थळ अडवले, की प्रिव्हॉक्सीचा खुलासा दिसतच नाही. प्रॉक्सी जोडणी नाकारत असल्याची ब्राउझरची कोरडी सूचना येते आणि मुले नेट गेले म्हणून राऊटर बंद करायला उठतात. त्यावर तूर्त राऊटरशेजारी एक चिठ्ठी चिकटवली आहे.